कात्सु सांदो: कुरकुरीत नव्हे, मऊ

नमस्कार श्रोतेहो. तळलेला पदार्थ म्हटला की आपण आधी त्याचा कुरकुरीतपणा पाहतो. जपानच्या कात्सु सांदोला, म्हणजे तोनकात्सुच्या (पावाचा चुरा लावून तळलेल्या पोर्कच्या तुकड्याच्या) सँडविचला, ही कसोटी लावू नका. टोकियोत उएनोजवळच्या 'इसेन' या दुकानाने १९३५च्या सुमारास तो सुरू केला, असं मानतात. परिसरातल्या गेइशांना, म्हणजे नृत्य-संगीत सादर करणाऱ्या पारंपरिक कलावंतिणींना, ओठांचा रंग न पुसता खाता यावा, म्हणून पाव छोटा आणि मांस मऊ. आजही तो डब्यात नेऊन बहुधा गारच खातात. त्यामुळे सगळं कसब आहे ते ओल सांभाळण्याचं.

पोर्कचा कमरेकडचा, दीड सेंटिमीटर जाडीचा तुकडा घ्या. मांस आणि चरबी यांच्यामध्ये शिरेची पट्टी असते, तिला सुरीच्या टोकाने चार-पाच चिरा द्या. नाहीतर ती तेलात आकसते, तुकडा वाटीसारखा वळतो आणि पावात बसत नाही. हलक्या हाताने ठोका, पाणी टिपा, मीठ-मिरी लावा. मैदा लावून जास्तीचा झटकून टाका. थर जाड राहिला तर त्याचा लगदा होतो आणि वरचं आवरण सालीसारखं सुटून येतं. बहुतेकांचं इथेच बिघडतं. मग फेटलेलं अंडं आणि पॅन्को, म्हणजे पावाचा भरड चुरा. तेल १७० अंशांवर ठेवून सुमारे पाच मिनिटं तळा, एकदाच उलटा. मग जाळीवर उभा ठेवा. कागदावर आडवा ठेवला तर वाफ खाली कोंडते.

पाव शोकुपान, दुधाळ आणि मऊ. तो भाजायचा नाही. लोण्यात काराशी, म्हणजे जपानी झणझणीत मोहरी, कालवून अगदी कडेपर्यंत लावा. लोण्यामुळे सॉस पावात झिरपत नाही. सॉस पावाला नको, कात्सुच्या दोन्ही बाजूंना लावा. तीन चमचे केचप, दोन चमचे वूस्टर सॉस, एक लहान चमचा साखर, एवढ्यात घरी जमतो. डब्यासाठी कोबी घालूच नका, तो पाणी सोडतो.

सँडविच घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळा, वर हलकी ताटली ठेवा. दहा मिनिटांत पाव आणि कात्सु एकजीव होतात. कडा त्यानंतरच कापा. तीन तुकडे करताना सुरी दाबू नका, पुढे-मागे ओढा आणि प्रत्येक कापानंतर पुसा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका.