बसतो की चालतो?

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापलाय 'आयात मोटरसायकलची देखभाल आणि जुळणारे सुटे भाग'. मला मात्र दोन क्रियापदांवर बोलायचंय. भाग गाडीला 'बसतो', आणि भाग गाडीत 'चालतो'. बाहेरून आलेली गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं, "बसतोय ना, मग चालेल." माझा आक्षेप त्या 'मग'वर आहे. पण आधी माझ्या मागच्या चाकाची हकिगत सांगतो, कारण ती ऐकल्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

माझी गाडी ४०० सीसीची, चार सिलिंडरची, खास जपानी बाजारासाठी बनलेली. तिथे १९७५ साली परवान्याचे नियम बदलले आणि मधल्या परवान्याची हद्द ४०० सीसीवर आली. त्यामुळे तिथल्या कंपन्यांनी चारशेच्या एकाहून एक सरस गाड्या काढल्या आणि त्यांतल्या कित्येक परदेशात अधिकृतपणे विकल्याच नाहीत. गाडी देखणी, पण बाहेरच्या पार्ट-बुकात तिचा पत्ता नाही. वर सुटे भाग विकणारे आधी १७ अक्षरी चासी नंबर विचारतात. जपानी बाजारातल्या जुन्या गाडीवर तो सापडत नाही. मॉडेलचा कोड, मध्ये एक आडवी रेघ आणि अनुक्रमांक, एवढाच तिचा फ्रेम नंबर. तो भरला की समोरचा म्हणतो, नंबर अपुरा आहे!

तर एका संध्याकाळी गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक वर-खाली धरून हलवलं आणि हाताला 'टक्' लागलं. बेअरिंग गेलं होतं. सुटे भाग विकणाऱ्या एकाला मॉडेलचं नाव दिलं, साल दिलं, फोटो पाठवले. नऊ आठवड्यांनी उत्तर आलं, हा भाग बंद झालाय. भाग बंद होतात, त्याचा राग नाही. राग याचा, की नऊ आठवड्यांत त्या विक्रेत्याने एकदाही विचारलं नाही, "बेअरिंगवर काय लिहिलंय?"

शेवटी चाक उतरवलं. सील उचकटलं, पलीकडच्या बाजूने ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा धातूचा दांडा, घालून थोडं इकडे, थोडं तिकडे ठोकत बेअरिंग बाहेर काढलं, रॉकेलमध्ये धुतलं आणि दिव्याखाली धरून हळूहळू फिरवलं. काळ्या ग्रीसखालून चार आकडे वर आले, ६२०४.

इथे जरा थांबतो, मला हे आकडे फार आवडतात. शेवटचे दोन आकडे घ्या, पाचाने गुणा. चार पंचे वीस, म्हणजे आतलं भोक २० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. जगातल्या कुठल्याही कंपनीचं ६२०४ घ्या, मापं हीच. (०४ च्या खाली हा हिशेब लागू नाही, ०३ म्हणजे १७ आणि ०२ म्हणजे १५, ते पाठच करायचं.) हेच बेअरिंग पाण्याच्या पंपात असतं, विजेच्या मोटरीत असतं. माझा 'बंद झालेला' भाग त्या क्षणीसुद्धा हजारो यंत्रांत गरगर फिरत होता!

तेव्हापासून मी गाडीचं नाव शेवटी सांगतो, आधी भाग वाचतो. जुन्या जपानी गाडीवर नाव कुणाचंही असो, कार्ब्युरेटर बहुधा केइहिनचा किंवा मिकुनीचा असतो, ब्रेकचा कॅलिपर निस्सिनचा किंवा टोकिकोचा. पार्ट नंबरही वाचता येतो. होंडाच्या नंबरात पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात आणि मधली तीन अक्षरं तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते. यामाहाचं उलट, मॉडेल आधी आणि भाग नंतर. मॉडेलचा कोड तुमच्या गाडीचा नसेल तर आनंद माना. तो भाग दुसऱ्या गाडीकडून आलाय, आणि ती गाडी कदाचित जगभर खपलेली असेल.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. म्हणजे 'चालतो'चं सगळं आता भराभर.

माप जुळलं की भाग बसतो, पण चालायला त्याचं काम जुळावं लागतं. त्या ६२०४ मध्येही चाकासाठी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच हवं. पत्र्याच्या झाकणाचं बसेल, पण पावसाचं पाणी आत जाईल. चेनचं बघा. ५२०, ५२५, ५३० तिन्हींचा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, १५.८७५ मिलिमीटर, रुंदी मात्र वेगळी. ५३० ची चेन ५२० च्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, चढते आणि डुलत राहते. तेल काढायचा ड्रेन बोल्ट १२ मिलिमीटरचाच, पण दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर की १.५? पहिला फेरा हाताने जातो, मग पाना लावला की इंजिनाच्या तळाच्या ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात.

स्पार्क प्लगचे आटे जुळले तरी आट्यांची लांबी बघा. १२.७ मिलिमीटरच्या जागी १९ चा लावला तर तो आत डोकावतो आणि पिस्टनला लागू शकतो. शिवाय एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांचा आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉशचा वाढला की गरम. तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हे मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक शोधा. कारचं घर्षण कमी करणारं तेल ओल्या, म्हणजे इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या, क्लचला घसरवतं. ब्रेक ऑइलमध्ये डॉट ५ आणि डॉट ५.१ ही भावंडं समजू नका. ५ सिलिकॉनचं, ५.१ ग्लायकॉलचं, एकत्र करायचं नाही.

आणि जपानी स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर साधा फिलिप्स, म्हणजे नेहमीचा फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, लावू नका. तो जेआयएस या जपानी मानकाचा स्क्रू आहे, त्याला जेआयएसचाच स्क्रू ड्रायव्हर लागतो. फिलिप्स वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो.

वेळ संपली. दुसऱ्या रांगेतले एक जण मघापासून रुमालात गुंडाळलेलं ऑइल सील घेऊन बसलेत. या पुढे. त्याच्या कडेवर तीन आकडे असतील, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. पुसले गेले असतील तरी हरकत नाही, माझ्या पिशवीत बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर आहे.