घरचा राउटर, घरचा स्विच आणि एक रॅक

मंडळी, आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी इंटरनेटवाल्यांनी लावून दिलेली एकच पेटी असते. आपण तिला राउटर म्हणतो, पण तिच्यात तीन यंत्रं दाटीवाटीने राहत असतात : राउटर, स्विच आणि वाय-फाय. पेटी अडली की तिघांपैकी कोण अडलं ते कळत नाही, म्हणून आपण तिघांनाही बंद करून पुन्हा चालू करतो. मी घरात रॅक, म्हणजे अशी यंत्रं एकावर एक स्क्रूने बसवायची चौकट, उभारला तो एवढ्यासाठी, की कोण काय काम करतंय ते मला डोळ्यांनी दिसावं.

आधी दोघांची कामं वेगळी करून घेऊ. स्विच घरातल्या घरात फिरतो. फ्रेमवरचा, म्हणजे डेटाच्या पुडक्यावरचा, मॅक पत्ता (नेटवर्कातल्या यंत्राची ओळख) वाचतो आणि ती नेमक्या पोर्टातून बाहेर सोडतो. दोन नेटवर्कांच्या वेशीवर उभा असतो तो राउटर. एकाच नेटवर्कात लॅपटॉपवरून घरच्या बॅकअप यंत्राकडे मोठी फाइल जाते, तेव्हा राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून राउटरची ताकद इंटरनेटच्या वेगावर ठरवा आणि स्विचचे पोर्ट घरातल्या वायरी मोजून ठरवा. राउटरसाठी दोन चांगले नेटवर्क पोर्ट असलेला छोटा पीसी पुरतो. त्यावर राउटरचं सॉफ्टवेअर म्हणून ओपनसेन्स घाला, ओपनडब्ल्यूआरटी घाला, नाहीतर साधं लिनक्स. तिन्ही चालतात, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

आता रॅक. यंत्राची पुढची पट्टी १९ इंच रुंद, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, आणि उंची मोजायची ती यूमध्ये. एक यू ४४.४५ मिलिमीटरचा. प्रत्येक यूला तीन भोकं असतात, पण त्यांची अंतरं सारखी नसतात : १५.८७५, पुन्हा १५.८७५ आणि मग १२.७ मिलिमीटर. एका यूची हद्द संपते ती या जवळजवळ असलेल्या दोन भोकांच्या मधोमध. मी पहिल्यांदा केज नट (रॅकच्या भोकात बसणारे, स्क्रू धरणारे नट) बसवले ते एक भोक चुकून. स्विच बसला छान, पण दोन यूंवर पाय ठेवून. वरची पट्टी लावायला गेलो तर तिला जागाच उरली नव्हती. सगळं सोडून परत बसवावं लागलं. तेव्हा स्क्रू हातात घेण्याआधी ती जवळची जोडी शोधा आणि पेन्सिलीने खूण करा. आणखी एक गोष्ट : एक यूच्या डब्यात जेमतेम ४० मिलिमीटरचा पंखा मावतो. एवढासा पंखा पुरेशी हवा द्यायला प्रचंड वेगाने फिरतो आणि किंचाळतो. निजायच्या खोलीशेजारी रॅक असेल तर बिनपंख्याचाच स्विच घ्या.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पॅच पॅनेलवर, म्हणजे भिंतीतल्या वायरींची टोकं रॅकमध्ये जिथे येतात त्या पट्टीवर, कारण पैसे वाचवायला लोक नेमकं तेच गाळतात. भिंतीतली वायर अखंड तारेची असते. तिला सारखं वाकवलं तर ती आतून तुटते. तिचं एक टोक पॅनेलच्या मागे कायमचं दाबून टाकायचं आणि पुढे पॅनेल ते स्विच आखूड, मऊ पॅच कॉर्ड लावायची. पुढे कितीही अदलाबदल केली तरी भिंतीतली वायर हलत नाही. वायर दाबताना आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. शेजारच्या जोडीचा गोंगाट अडवतो तो तो पीळच. आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल घेऊ नका. तिचा रोध जास्त असतो, त्यामुळे कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज दिली की ती जास्त तापते.

माझ्याकडे अभ्यासिकेतली एक लाइन कधीतरी अचानक मंद झाली. ड्रायव्हर बदलले, राउटर तपासला, काही हाती लागेना. मग स्विचकडे पाहिलं. त्या एकाच पोर्टचा दिवा गिगाबिटचा, म्हणजे १००० मेगाबिटचा, रंग सोडून १०० मेगाबिटचा दाखवत होता. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात, केशरी आणि हिरवी. म्हणजे दोष निळीत नाहीतर तपकिरीत. पॅनेल उलटं करून टॉर्च मारला तर निळी तार खाचेच्या तोंडाशीच अडकलेली, आत दाबलीच गेली नव्हती. वायर खाचेत दाबायच्या पंच टूलचा एक दाब दिला आणि दिवा बदलला. तो दिवा मला दिसला, कारण तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

राहता राहिलं व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरी आणि स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं करायची सोय. फ्रेमवर चार बाइटचा टॅग चढतो, त्यात १२ बिट क्रमांकाला, म्हणून वापरता येतील असे ४०९४ क्रमांक. घरात तीन पुरतात : आपली यंत्रं, पाहुणे, आणि कॅमेरे-टीव्ही. कॅमेऱ्याला तुमच्या बॅकअप यंत्राशी बोलायचं काहीच कारण नसतं. राउटरवरच्या नियमात त्याचा रस्ता बंद करून टाका. राउटर आणि स्विचमधली एकच वायर मग ट्रंक होते आणि तिन्ही नेटवर्कं तिच्यावरून जातात.

हे करताना स्विचच्या व्यवस्थापनाचा व्हीलॅन (ज्यावरून स्विचची मांडणी बदलता येते तो) मी ज्या पोर्टावर बसलो होतो त्याच्यावरूनच बदलला आणि क्षणात स्विच मला दिसेनासा झाला. रीसेटचं बटण दाबून सगळी मांडणी पहिल्यापासून करावी लागली. तेव्हापासून शेवटचं पोर्ट मी मोकळं ठेवलंय, बिनटॅगचं, थेट व्यवस्थापनाच्या नेटवर्कात. त्यावर लाल रंगाचं टोपण आहे आणि बाजूच्या चिठ्ठीवर स्विचचा आयपी पत्ता लिहिलेला आहे.