आंबा, जाहिरात आणि मधले नऊ महिने

(कोकणातले आंबा बागायतदार आणि घरगुती विक्रेते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात पैशांपासून करतो. मघाशी चहाच्या वेळी तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "फेसबुकला पाच हजार घातले, लाइक भरपूर आले, ऑर्डर एकही नाही. पैसे गेले कुठे?"

पैसे कुठेही गेले नाहीत. तुम्ही जे मागितलंत ते त्यांनी दिलं. पोस्टखालचं ते निळं बूस्टचं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट पसरवायचं, बटण दाबताना आपण बहुतेक वेळा पुढचं काही वाचत नाही. तिथे यंत्रणा विचारते, तुम्हाला काय हवंय? आपण काही न बदलता पुढे गेलो की ती धरून चालते, यांना लाइक हवेत. मग ती लाइक देणारी माणसं शोधते. अशी माणसं असतात, आंबा दिसो की म्हैस, त्यांचा अंगठा वरच. ती आंबा घेत नाहीत. ऑर्डर हवी असेल तर फेसबुकवर जाहिराती लावायचं जे अॅड्स मॅनेजर असतं त्यात जाऊन व्हॉट्सअॅपवर संदेश येईल असा हेतू निवडा, आणि ज्या भागात तुमचं खोकं एका दिवसात पोचतं तेवढाच भाग निवडा. पुणे, ठाणे, मुंबई. नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात आंबा पाठवायची सोय नसेल तर त्याला जाहिरात दाखवून त्याचा आणि आपला जीव का जाळा?

दुसरी गोष्ट गूगलची. तिथे माणूस स्वतःहून काहीतरी शोधत आलेला असतो, म्हणून तिथला क्लिक महाग असला तरी बरेचदा परवडतो. पण कोणत्या शोधावर आपली जाहिरात दिसली, त्याची यादी गूगल देतं, ती उघडून बघा. एका बागायतदारांची यादी मी त्यांच्या शेजारी बसून वाचली. 'हापूस आंबा पुणे घरपोच', ठीक. 'हापूस कलम किंमत', म्हणजे याला रोप हवंय. 'आंबा बर्फी कशी करावी', ही बाई स्वयंपाकघरात आहे. 'देवगड भक्तनिवास', हा तर आंब्याच्या देवगडला नव्हे, नेवाशाजवळच्या देवगडला दत्ताच्या दर्शनाला निघालाय! या प्रत्येक क्लिकचे पैसे आंबेवाल्याच्या खिशातून गेले. उपाय सोपा आहे. कलम, रोप, बर्फी, रेसिपी, भक्तनिवास, मंदिर हे शब्द वगळायच्या यादीत टाकायचे. अर्ध्या तासाचं काम आहे आणि कुठल्याही एजन्सीची गरज नाही. तिथेच ठिकाणाच्या सेटिंगमध्ये एक मेख आहे. पुण्यात असलेली माणसं आणि पुण्यात 'रस असलेली' माणसं, असे दोन्ही लोक गूगल आपण न सांगता धरतं. ते बदलून फक्त पुण्यात असलेली करा, नाहीतर दुबईतला पुणेकर तुमच्या पैशाने आंबे बघून उसासे टाकत बसेल.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्या जाहिराती लिलावावर चालतात. कुणी फोन उघडला की त्या क्षणी, डोळ्याची पापणी लवायच्या आत, कोणाची जाहिरात दाखवायची याचा लिलाव होतो. वाशीच्या लिलावात जास्त बोली त्याचा माल. इथे तसं नाही. गूगलने 2002 पासून नियम केला की नुसती बोली बघायची नाही, लोक त्या जाहिरातीवर क्लिक करण्याची शक्यता किती तेही धरायचं. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीचंही तसंच आहे. बोली, समोरचा काही करील याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा, तिन्ही मिळून निकाल लागतो. म्हणजे ज्याला लोक ओळखतात, ज्याचं बघतात, ज्याचं वाचतात, त्याला तीच जागा कमी पैशात मिळू शकते. आणि ओळख हंगामात होत नाही, मधल्या नऊ महिन्यांत होते. हंगामात सगळेच ओरडत असतात.

म्हणून मी तुम्हाला कंटेंट क्युरेशनकडे नेतोय. नाव भारी आहे, काम तुमच्या रोजच्यातलं. गावात, जगात, आपल्या धंद्याविषयी जे छापलं-बोललं जातं, त्यातलं कामाचं तेवढं निवडायचं, कुठून घेतलं ते सांगायचं आणि आपल्या अनुभवाच्या दोन ओळी जोडून गिऱ्हाइकापुढे ठेवायचं. तुम्ही आढीतून फळं निवडता, दबलेलं बाजूला, डागी बाजूला, तीच नजर इथे लागते.

एक उदाहरण देतो. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पेपरात बातमी येते, वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी दाखल, अमुक हजार भाव. शहरातला माणूस ती वाचतो आणि म्हणतो, यंदा आंबा खाणं झालं. त्या दिवशी तुम्ही ती बातमी घ्या, पेपराचं नाव द्या आणि खाली लिहा, "हा मुहूर्ताचा भाव आहे, घाबरू नका. आमच्या बागेत आत्ता कुठे वाटाण्याएवढी कैरी आहे. आमचा आंबा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात." बरोबर एक फोटो, वाटाण्याएवढ्या कैरीचा. बस्स. यात विकायचं काही नाही, पण त्या माणसाच्या डोक्यात एप्रिलचा दुसरा आठवडा राहिला.

पुढे मार्चमध्ये अवकाळी पाऊस येतो. हवामान खात्याचा इशारा सगळे फॉरवर्ड करतात. तुम्ही इशारा द्या आणि आपल्या बागेत किती मोहोर गळला ते दाखवा. एप्रिलमध्ये भाव जास्त सांगताना तुम्हाला सारवासारव करावी लागणार नाही. गिऱ्हाइकाने तो मोहोर जमिनीवर पडलेला पाहिलेला असतो.

आणि साका. आपण साक्याबद्दल बोलायला घाबरतो. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखं. गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं. त्यापेक्षा हंगामाआधी तुम्हीच सांगा ना, साका हापूसच्या जातीतच आहे, तो बाहेरून दिसत नाही, जमिनीतून वर येणारी उष्णता हे त्याचं एक कारण, म्हणून फळ झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार झालं की उतरवतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर काम केलंय, त्यांची माहिती घ्या, त्यांचं नाव घ्या, त्यांच्या रत्ना आणि सिंधू या जातींबद्दलही सांगा. आणि शेवटची ओळ तुमची, "साक्याचं फळ निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या खोक्यात भरून देऊ." माझ्या मते ही एक ओळ दहा 'अस्सल, शुद्ध, नैसर्गिक'पेक्षा जास्त आंबा विकते.

तसंच कार्बाइडचं. दर उन्हाळ्यात विषारी आंब्याचे व्हिडिओ फिरतात. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम स्पष्ट आहे. कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत शंभर भागांपर्यंत, परवानगी आहे आणि इथिलीनची पुडी असेल तर ती फळाला थेट लागता कामा नये. म्हणजे खोक्यात पुडी दिसली की विष, हेही खरं नाही. एवढं साध्या मराठीत कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा, आणि आपण भाताच्या पेंढ्यात आढी घालतो तिचा व्हिडिओ जोडा.

हे निवडून देणं काही अमेरिकेहून आलेलं शास्त्र नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन बिघडते असा समज होता. पुढे त्यांच्या कारखान्याच्या गावातून, किर्लोस्करवाडीतून, 1920 साली शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं पत्रक, पण त्यात नुसते नांगर नव्हते. वाचणाऱ्याच्या उपयोगाचं, त्याला विचार करायला लावणारं निवडून दिलं जायचं. ते इतकं वाढलं की पुढे ते मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक झालं, त्याच घरातून 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. नांगराच्या कारखान्याला हे करावंसं वाटलं, आणि आपल्याला वाटतं की आंबेवाल्याने फक्त भाव टाकावा.

आता जाहिरात आणि हे निवडून देणं एकमेकांना कुठे चिकटतं ते सांगतो. इथे जरा लक्ष द्या, कारण हे बहुतेक शिकवणीत सांगत नाहीत. मेटावर तुम्ही अशी यादी बनवू शकता की जे लोक आपल्याकडे येऊन गेले त्यांनाच जाहिरात दाखव. तुमच्या वेबसाइटवर आलेल्या माणसाला ती यादी जास्तीत जास्त 180 दिवस लक्षात ठेवते. मे महिन्यात साइटवर आलेला माणूस नोव्हेंबर संपायच्या आत यादीतून बाहेर. आपला पुढचा हंगाम मार्चमध्ये. म्हणजे तुम्ही हंगामात पैसे टाकून जमवलेली यादी पुढच्या हंगामाला रिकामी असते. पण ज्यांनी तुमच्या इन्स्टाग्रामशी किंवा फेसबुक पेजशी काही देवाणघेवाण केली, तुमचा व्हिडिओ पाहिला, त्यांची यादी 365 दिवसांची करता येते. ऑगस्टच्या पावसात काढलेला बागेचा व्हिडिओ ज्याने पाहिला, नोव्हेंबरच्या थंडीत मोहोराचा फोटो ज्याने जपून ठेवला, तो माणूस एप्रिलमध्ये यादीत हजर असतो. तेव्हा पहिली जाहिरात त्यालाच दाखवायची, अनोळखी माणसाला नंतर.

हिशेब मांडू. समजा तुम्ही 5,000 रुपये टाकलेत. त्यावर 18% जीएसटी, म्हणजे 5,900. त्यातून 25 ऑर्डरी आल्या तर एका ऑर्डरीला 236 रुपये पडले. दोन डझनांच्या खोक्यावर सगळा खर्च जाऊन तुमच्या हाती 400 राहत असतील तर उरले 164. यात मजा नाही. पण त्या पंचवीसांतल्या दहा जणांनी मेमध्ये पुन्हा मागवलं तर त्या दहा खोक्यांवर जाहिरातीचा रुपयाही नाही. म्हणून पहिल्या ऑर्डरीवर नफा-तोटा ठरवू नका, हंगामाच्या शेवटी ठरवा. जीएसटी नोंदणी असेल तर आपला क्रमांक जाहिरातीच्या खात्यात भरा आणि त्या कराचं काय करता येतं ते आपल्या सीएला विचारा, कारण आंब्याचा माल ताजा की आमरसाचा डबा यावर ते उत्तर बदलतं.

व्हॉट्सअॅपबद्दल एवढंच, की एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. म्हणून खोक्यात चिठ्ठी टाका, नंबर कोणत्या नावाने सेव्ह करायचा ते लिहून. ग्राहकांचे नंबर मेटावर चढवून यादी बनवायची सोय आहे, पण त्यांना विचारल्याशिवाय करू नका. 2023 चा व्यक्तिगत डेटाचा कायदा आहेच, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

कायद्यावरून आठवलं, दुसऱ्याच्या बागेचा फोटो उचलून आपला म्हणून लावणं म्हणजे क्युरेशन नव्हे, ती चोरी. बातमीचा दुवा द्या, दोन ओळींचा सारांश आपल्या शब्दांत द्या, अख्खा लेख चिकटवू नका. पुण्याच्या एखाद्या फूड व्लॉगरला फुकट पेटी पाठवली आणि त्याने कौतुक केलं तर ती जाहिरात आहे असं त्याने सांगितलं पाहिजे. अॅस्कीने, म्हणजे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, 2021 मध्येच तसे नियम केलेत. आणि 'हापूस' हा शब्द. ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. परराज्यातला आंबा आपल्या नावाने विकला जातो म्हणून आपण ओरडतो, बरोबरच आहे. पण मग रत्नागिरीचा माल 'देवगड' म्हणून जाहिरातीत टाकणारे आपल्यातच आहेत, त्यांचं काय? ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. देवगडच्या उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामात फळागणिक कोडचं स्टिकर आणलं, त्यामागे हेच दुखणं होतं.

(श्रोत्यांपैकी एक काका: "माका लिवूक जमणा नाय, मी काय करू?")

काका, लिहू नका. बोला. बागेत सकाळी फेरी मारता तेव्हा फोन समोर धरा आणि जे दिसतंय ते तुमच्याच मालवणीत सांगा. तुडतुडा कुठे लागलाय, पालवी कशी आहे, यंदा थंडी उशिरा आली. पुण्यातला तुमचा गाववाला ते तीनदा ऐकेल. बातमी किंवा विद्यापीठाचा सल्ला जोडायचा तर मुलीला नाहीतर नातवाला सांगा, नाव आणि दुवा तेवढा टाकायला.

(एका ताईंचा प्रश्न: आठवड्यातून किती वेळा टाकायचं?)

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे. मोहोर लागला की दोनदा. हंगामात रोज, पण तेव्हा बाकी सगळं सोडून आज काय उतरवलं आणि कधी निघतंय एवढंच. आणि हंगामाची शेवटची गोष्ट, कारण ती हटकून राहते. शेवटचं खोकं भरलं की त्याच दुपारी जाहिरात बंद करा. रोजचं बजेट लावून ठेवलेलं असतं, पावसाची कामं सुरू होतात, आणि आंबा संपल्यावरही पंधरा-वीस दिवस जाहिरात चालू राहते. लोक विचारतात, तुम्ही नाही म्हणता, आणि त्या नाहीचेही पैसे भरता. बंद करण्याआधी वगळलेल्या शब्दांची यादी आणि कोणत्या जाहिरातीला किती ऑर्डरी आल्या, एवढं एका वहीत उतरवून ठेवा. मार्चमध्ये ती वही लागेल.