वाळायच्या आधीचा उन्हाळा

(उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आठची वेळ दिली होती, सव्वाआठ झाले आणि आता कुठे खुर्च्या भरतायत. तुमची तक्रार नाही. मे महिन्यात दिवस मावळल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही, आणि पडूही नये. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, पण ती पुण्यात. आमच्या खानदेशात पारा ४५ च्या आसपास घुटमळत असताना दुपारी व्याख्यान ठेवलं असतं, तर ऐकायला फक्त वक्ता उरला असता. आणि तोही माठाजवळ.

माझं गाव गिरणेच्या काठी, भडगाव आणि एरंडोलच्या मधे. घर धाब्याचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या सऱ्या, त्यावर मातीचं सपाट छप्पर. दुपारी बाहेर डांबर पातळ व्हायचं, पण घरात शेणानं सारवलेल्या जमिनीवर उघड्या पाठीनं पडलं की गारवा थेट हाडापर्यंत जायचा. भिंतीची जाडी एवढी, की दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. मग घर तापायला लागायचं आणि आम्ही बाजा उचलून बाहेर अंगणात, नाहीतर वर धाब्यावर.

माठाच्या गारव्याची तऱ्हा वेगळी. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता ओढून नेतं. म्हणजे माठाला एक ग्रॅम घाम आला, की आतलं ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी उतरतं. मात्र त्यासाठी हवा कोरडी हवी. माझा एक रत्नागिरीचा मित्र म्हणायचा, आमच्या माठाला कसला आलाय गारवा. बरोबरच आहे, तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, माठातलं पाणी ती कुठे ठेवणार? आमच्या उन्हानं आमच्यावर केलेला हा एकमेव उपकार. आता दुसरा सांगतो, म्हणजे एकमेव म्हणता येणार नाही. त्याच कोरड्या उन्हात आमचं वाळवण दोन दिवसांत खडखडीत व्हायचं.

आज मला खरं तर वाळवणाबद्दलच बोलायचंय, पण वाळलेल्याबद्दल नाही.

कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. पहाटे चार वाजता चुलीवर पाण्याला आधण, त्यात चीक, आणि मग एकीनं ओतायचं, दुसरीनं न थांबता घोटायचं. गुठळी झाली तर वर्षभर प्रत्येक कुरडईत ती गुठळी दिसणार आणि कोणाच्या हातून झाली तेही गल्लीला पाठ असणार. आम्ही पोरं डोळे चोळत वाट्या घेऊन रांगेत. गरम चीक, वर साखर आणि दूध. कोणी तेल-तिखट घालून खायचं. कुरडई दिवाळीला तळली जायची, पाहुण्यांसमोर जायची. चीक मात्र फक्त त्याच पहाटेचा आणि फक्त घरातल्यांचा.

आणि बिबडे. खानदेशाबाहेरच्यांना हा शब्द सांगावा लागतो. दादर ज्वारी भिजवून, आंबवून, दळून तिचा मोठ्या पातेल्यात घाटा शिजवतात. लसूण, मिरची, जिरं, तीळ. लाकडी चाटूनं तो घोटायला दंडात ताकद लागते. गरम आहे तोवरच ओल्या फडक्यावर हातानं थापायचा, कारण गार झाला की दगड. म्हणून हे काम एकटीचं नव्हतंच. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. बाजेवर जुनं धोतर अंथरलेलं, त्यावर बिबड्यांची रांग, आणि राखणीला आम्ही, कावळ्यांवर. आमच्यावर राखण कोणाचीच नसायची. वाळत आलेला, कडा कडक आणि मधे अजून ओला असा बिबडा... त्याची चव मला आजही कुठल्याच पदार्थात सापडलेली नाही. आणि वाटीतला गरम घाटा, मधे खळगा करून त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल. आजी ओरडायची, ‘उनमा कोठे जास रे?’ जायचो कुठे, बाजेखाली. सावलीही तिथेच आणि खाऊही डोक्यावर.

उडदाच्या पापडाच्या लाट्यांबद्दल बोलायला नको, तोंडं दिसतायत तुमची. पुण्याकडे उडदाच्या पिठाच्या कालवणाला डांगर म्हणतात. आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज. लग्न होऊन आलेल्या एका पुणेकर सुनेनं पहिल्याच उन्हाळ्यात डांगराला फोडणी विचारली होती, ती गोष्ट गल्लीत बरीच वर्षं चालली.

हे डांगर गिरणेच्या वाळूतलं. पाणी ओसरलं की पात्रात खड्डे घेऊन, शेणखत घालून वेल लावायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वजांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. गेलेल्या माणसाला काय द्यायचं, तर गार पाणी आणि एक फळ. माहेरी आलेल्या पोरी लिंबाच्या झाडाला झोके बांधायच्या, पुरुष बिनधास्त पत्ते कुटायचे. त्या दिवशी जुगाराला कोणी नाव ठेवत नसे. सांजोऱ्या, आमरस, आणि मग दुपारभर अख्खं गाव मेल्यासारखं झोपलेलं. आता नदीत वाळूच राहिली नाही, ट्रॅक्टरनं गेली. डांगर बाजारातून येतं.

हे सगळं एकदा मी माझ्या बहिणीसमोर असंच रंगवून सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘दादा, तुला घाटा आठवतो. मला धूर आठवतो.’ मे महिन्यात पहाटे चारपासून चुलीपुढे बसणं, त्याआधी विहिरीचा तळ खरवडून आणलेलं पाणी, थापून थापून सोललेले तळहात. मी वाटी घेऊन रांगेत होतो, ती नवव्या वर्षापासून पलीकडच्या बाजूला होती. गिरणीतून चीक आयता मिळायला लागला, बिबडे विकत मिळायला लागले, तेव्हा हळहळलो आम्ही, ज्यांनी कधी चाटू धरला नव्हता. म्हणून उन्हाळ्याच्या सुखाबद्दल बोलताना हल्ली मी जरा बिचकतो.

पण गेल्या वर्षी गंमत झाली. ती म्हणाली, उद्या पहाटे ये. गेलो. गॅसवर छोटं पातेलं, अर्धा किलो दादरीचा घाटा. चाटू तिनं माझ्या हातात दिला. दहा मिनिटांत माझा दंड भरून आला. मी विचारलं, फडकं कुठंय, थापायचे कशावर? म्हणाली, ‘थापायचे कशाला? आज एकही वाळवायचा नाही.’ दोघांनी ओट्यापाशी उभं राहून पातेलं संपवलं.

बरं, साडेनऊ झाले, आयोजक घड्याळ दाखवतायत. बाहेर पडलात की उत्तरेकडे तोंड करून वर बघा. पुस्तकात त्याला सप्तर्षी म्हणतात. आम्ही धाब्यावर बाजेवर पडून बघायचो ती म्हातारीची बाज. चार ताऱ्यांची बाज, आणि ती पळवायला आलेले तीन चोर. शेवटच्या चोराच्या दिशेनं वाकडी रेघ तशीच पुढे ओढलीत तर तांबूस स्वाती लागेल, आणखी पुढे गेलात तर चित्रा. रस्त्यावरच्या दिव्यांतून तेवढं दिसेल. नाही दिसलं, तर गच्चीवर जा. तसंही आज घरात झोप लागणार नाही.