आईचा कान

श्रोतेहो, नमस्कार.

आईविषयी बोलायचं म्हटलं की माणसं तिच्या हातांविषयी बोलतात, फार तर डोळ्यांविषयी. मी आज माझ्या आईच्या कानांविषयी बोलणार आहे. तिचा सगळा कारभार कानांवर चालायचा.

ती दाराकडे पाठ करून पायमशीनवर शिवत बसायची. आम्ही शाळेतून आलो तरी मान वळवायची नाही. चपला भिरकावल्याचा आवाज आला तर, "कोणाशी भांडलीस?" आणि चपला अगदी हळूच काढून ठेवल्या तर, "किती मार्क पडले?" तेवढ्यात मशीनही चालूच. सुई बोथट झाली की कापडात शिरताना ती जरा जड, ठोक्यासारखा आवाज करते. आईला तो दोनचार टाक्यांत कळायचा. पाय थांबवायचा, सुई बदलायची, पुन्हा सुरू. रात्री ढग गडगडले तरी तिची झोप मोडत नसे, पण धाकट्याला खोकल्याची उबळ आली की ही उठून बसलेली. झोपेतही मेंदूचा पहारा पुरता उठत नाही. कामाचा आवाज तो आत घेतो, बाकीचे सोडून देतो.

खरं तर ऐकण्याची सुरुवात आपल्याकडून होते. पोटातल्या बाळाचा कान साधारण सहाव्या महिन्यापासून काम करू लागतो. बाहेरचे बारीक, तीक्ष्ण आवाज आत येईपर्यंत विरून जातात. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनच पोचतो, आणि त्यातही शब्दांपेक्षा चाल जास्त. 1980 साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोन अमेरिकी संशोधकांनी जेमतेम तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखणी दिली. चोखण्याची लय बदलली की एकदा आईचा आवाज लागे, एकदा दुसऱ्या बाईचा. बाळांनी लय बदलून आईचा आवाज लावून घेतला. तीन दिवसांचं पोर, आणि त्याला स्टेशन लावता येतं! रेडिओवर बोलताना मला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता आईचं वय झालंय आणि कान थकलाय. आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते, तिच्यात आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी असतात. बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात. वय वाढतं तशा त्या आधी झिजतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे आ, ओ, ऊ हे स्वर ठणठणीत ऐकू येतात, पण स, श, फ, थ गळून पडतात. आई हे माझ्यापेक्षा चांगलं सांगते: "आवाज येतो गं, अक्षरं येत नाहीत."

माझा आवाज बारीक, भावाचा जाड. साहजिकच त्याचं तिला समजतं, माझं समजत नाही. लहानपणापासून तो म्हणायचा, तुझंच ऐकते आई. आता फिटांफीट झाली.

मग आपण ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, गळालेली अक्षरं काही परत येत नाहीत. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम बोचतो. दोन्हींतलं अंतरच कमी झालेलं असतं. म्हणून आधी "काय?" आणि लगेच "ओरडतेस कशाला!" हा तऱ्हेवाईकपणा नव्हे, श्रोतेहो. समोर बसावं, तोंडावर उजेड असू द्यावा, सावकाश बोलावं, आणि दोघांनी एकदम बोलू नये. नाही समजलं तर तेच वाक्य पुन्हा न घोकता वेगळ्या शब्दांत सांगावं.

कानाचं यंत्र आणलं. पहिल्या दिवशी ते लावून ती म्हणाली, "वर्तमानपत्र एवढं बोलतं?" पंखा, नळ, पानांची सळसळ, सगळं एकदम अंगावर आलं. मेंदूला याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढे तिने दिले. आता ती यंत्र व्यवस्थित वापरते. व्यवस्थित म्हणजे, काही विशिष्ट मंडळी आली की पदराआड नेऊन बंद करते आणि हसतमुखाने मान डोलावत बसते. मंडळी खूश होऊन जातात.

फोनवर मात्र समोर ओठ दिसत नाहीत. मी सांगते एक, ती उत्तर देते भलत्याचंच. आणि मधेच विचारते, "झोप झाली नाही का तुझी?" झालेली नसतेच. अक्षरं गेली तरी आवाजाचा चढउतार, वेग, मधले थांबे हे सगळं तिच्याकडे अजून शाबूत आहे. पोटात असताना तिच्याकडून आमच्यापर्यंत जेवढं पोचत होतं, जवळपास तेवढंच आता आमच्याकडून तिच्यापर्यंत पोचतं. आणि चौकशी करायला तिला तेवढं पुरतं.

हे भाषण ती ऐकते आहे. कान रेडिओला लावून, भावाला गप्प बसवून. संध्याकाळी फोन येईल. कशावर बोललीस ते विचारणार नाही ती. "मधे एकदा आवाज का दाटला होता?" एवढंच विचारील. त्याचं उत्तर मला आतापासून तयार ठेवायला हवं.

नमस्कार.