काट्यावर येणारं भंगार आणि त्यातला कोबाल्ट

(कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये वजनकाट्यावरचे कर्मचारी, माथाडी आणि छोटे व्यापारी यांच्यासमोर झालेलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून.)

नमस्कार मंडळी, मागच्यांनी जरा पुढे सरका, हा माईक मधेच दगा देतो. रेडिएशन म्हटलं की आपल्याकडे सगळे खाडीकडे बोट दाखवतात, पलीकडे ट्रॉम्बे, तिथे रिअ‍ॅक्टर, म्हणजे काय व्हायचं ते तिकडेच होणार. माझी नोकरी रेडिएशन सेफ्टीतच गेली आणि तुम्हाला सरळ सांगतो, मला ट्रॉम्बेपेक्षा तुमच्या या काट्याची काळजी जास्त वाटते. तिकडे जाड भिंती आहेत, मीटर आहेत, प्रत्येकाच्या छातीवर डोस मोजणारा बॅज आहे आणि तो ठरलेल्या मुदतीत तपासला जातो. इथे ट्रक येतो, वजन होतं, माल उतरतो आणि दोन दिवसांत तळोज्याच्या नाहीतर खोपोलीच्या भट्टीत जातो, मधे कोणी विचारत नाही की बाबा हे आलं कुठून.

खोपोली मुद्दाम म्हणालो. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं सापडली, साधी स्टीलची बटणं, आपण दहा वेळा दाबतो तशी, आणि त्यात कोबाल्ट ६० निघाला, म्हणजे किरण सोडणारा कोबाल्ट. ती बटणं जोडणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना १ ते ३ मिलिसिव्हर्ट डोस बसला असा तिथल्या अणुसुरक्षा यंत्रणेचा अंदाज होता. मिलिसिव्हर्ट हे अंगाला किती रेडिएशन बसलं ते मोजायचं माप, सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे कोणी मेलं नाही, आजारी पडलं नाही, पण मर्यादा ओलांडली गेली. मग माग काढत काढत लोक आले भारतात आणि स्टील निघालं खोपोलीच्या एका फाउंड्रीतलं. इथून पाऊण तासाचा रस्ता. भट्टीत भंगार टाकलं, त्यात कुठलातरी जुना सोर्स, म्हणजे यंत्रातला किरण सोडणारा तुकडा होता, तो वितळला, संपलं.

भट्टीत गेल्यावर काय होतं हे भट्टीवाल्यांनी तरी नीट ऐका. कोबाल्ट स्टीलमध्ये मिसळून जातो, म्हणजे सळईत, प्लेटमध्ये, बटणात. सिझियम, हाही किरण सोडणारा धातू, तसा नाही, तो उडतो, धुरात जातो आणि धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या धुळीत साठतो, म्हणून १९९८ साली स्पेनमध्ये एका स्टील प्लांटमध्ये सिझियम वितळला तेव्हा तो चिमणीवाटे बाहेर पडला आणि दुसऱ्या देशांतल्या हवेत सापडला. अमेरिशियम, रेडियम हे असेच दुसरे पदार्थ स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरच्या मळीत जातात. तेव्हा नुसती इंगॉट, म्हणजे ओतलेली लगड तपासून माल क्लीन आहे म्हणणाऱ्याला धुळीचं आणि स्लॅगचं काय ते विचारायचं.

आता हे सोर्स येतात कुठून? हॉस्पिटलातली जुनी कोबाल्ट मशीन, केमिकल प्लांटमधल्या टाकीवर किंवा हॉपरवर बसवलेले, आत माल किती भरलाय ते किरणांनी मोजणारे लेव्हल गेज, पाईपलाईनचं वेल्डिंग किरणांनी तपासणारे रेडिओग्राफीचे कॅमेरे. हे सगळं कायदेशीर आहे, लायसन्स असतं, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असतो, अणुशक्तीनगरच्या एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंद असते. कंपनी चालू आहे तोवर प्रॉब्लेम फारसा नसतो. प्रॉब्लेम होतो कंपनी बंद पडल्यावर, पगार थकले, सेफ्टी ऑफिसर सोडून गेला, बँकेनं गेटला कुलूप लावलं, आणि मग तीन-चार वर्षांनी कोणीतरी यादी करतो, पंप इतके, मोटारी इतक्या, 'इतर लोखंडी सामान एक लॉट'. त्या एक लॉटमध्ये तो गेज असतो.

दिल्लीत मायापुरीला हेच झालं, फक्त कंपनीच्या जागी विद्यापीठ. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९६८ साली घेतलेलं, वस्तूंवर गामा किरण सोडायचं गामा सेल नावाचं यंत्र होतं, वापर १९८५ पासून बंद, फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकलं. भंगारवाल्यांनी तोडलं, शिसं काढलं, आतल्या कोबाल्टच्या पेन्सिली, म्हणजे बारीक कांड्या फुटल्या. एप्रिलमध्ये लोकांची कातडी काळी पडायला लागली, केस गेले. सात जण आजारी, एक गेला. कोबाल्ट ६० चा अर्धा जोर सव्वापाच वर्षांत कमी होतो, १९६८ ते २०१० म्हणजे ४२ वर्षं, आठ वेळा अर्धं अर्धं करत या, मूळच्या अडीचशेव्या हिश्शाच्या आसपास उरतं. एवढ्या उरलेल्यात माणूस गेला. जुनं आहे म्हणजे मेलं असेल हा हिशोब इथे चालत नाही. आणि माझं मत विचाराल तर यात भंगारवाल्याची चूक सगळ्यात कमी होती, ज्यानं लिलावाच्या कागदावर सही केली त्याची सगळ्यात जास्त.

ब्राझीलमध्ये गोयानिया नावाचं शहर आहे, १९८७ ची गोष्ट. बंद पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरचं मशीन दोघांनी तोडलं आणि भंगारवाल्याला विकलं. आतून पावडर निघाली, अंधारात निळी चमकणारी. त्याला वाटलं काहीतरी भारी वस्तू आहे, मित्रांमध्ये वाटून टाकली, नातेवाइकांना दिली, कोणी अंगाला चोळली, सहा वर्षांच्या पोरीनं पावडरीच्या हातानंच जेवण केलं. ती सिझियम क्लोराईड होती, म्हणजे दिसायला मिठासारखी, पाण्यात विरघळणारी. चार जण गेले, ती पोरगीही त्यात. एक लाख बारा हजारांवर लोक स्टेडियममध्ये रांगा लावून तपासले, २४९ जणांच्या अंगावर नाहीतर अंगात सापडलं. आणि हे सगळं त्या मशीनमुळे होतंय हे पहिल्यांदा कोणाला कळलं माहितीये? भंगारवाल्याच्या बायकोला. घरात सगळे एकदम आजारी पडतायत हे तिनं पाहिलं, उरलेला भाग पिशवीत घातला आणि बसनं आरोग्य खात्याच्या ऑफिसात नेऊन ठेवला. पुढे ती गेली, पण तिनं ते नेलं नसतं तर अजून किती दिवस ते शहरभर फिरलं असतं कोण जाणे.

त्या पावडरीवरून एक काम सांगतो, ट्रॉम्बेचं, याचा मला खरंच अभिमान आहे. रिअ‍ॅक्टरच्या जळालेल्या इंधनातून कामाचं काढून घेतल्यावर जो जहाल द्रव उरतो तो आपल्याकडे काचेत बंद करतात, बोरोसिलिकेट काच, साधारण हजार डिग्रीला वितळवून स्टीलच्या डब्यात ओततात. तारापूरला, ट्रॉम्बेला, कल्पक्कमला हे होतं. आता भाभा केंद्राच्या लोकांनी काय केलं, त्याच कचऱ्यातून सिझियम वेगळा काढला, त्याचीच काच केली आणि तिच्या पेन्सिली ब्लड बँकेच्या इरॅडिएटरमध्ये, म्हणजे रक्ताच्या पिशव्यांवर किरण सोडायच्या मशीनमध्ये घातल्या. उद्या असं मशीन तुमच्या गोदामात फुटलं तरी धोका असेलच, काच फुटेल, तिच्याजवळ जाणं वाईटच, पण ती पाण्यात विरघळणार नाही, पावडरीसारखी घरोघर पोचणार नाही. जगभर पावडर चालत होती तिथे हा फरक फार मोठा आहे, आणि आपल्याकडे त्याचं कौतुक म्हणावं तेवढं झालं नाही.

बरं, आता वस्तू ओळखायची कशी. रेडिओग्राफीचा कॅमेरा म्हणजे हँडल असलेला डबा, जेवणाच्या डब्याच्या पिशवीएवढा, पण उचलायला जाल तर वीस किलोच्या पुढे. आकाराच्या मानानं वस्तू फारच जड लागली की थांबायचं, आत शिसं नाहीतर युरेनियमचं कवच असू शकतं. तुमच्या डोक्यात लगेच शिशाचा भाव येणार, मला माहितीये, नेमकं तेव्हाच थांबायचं, गॅस कटर लावायचा नाही. आतला सोर्स असतो बारीक केबलच्या टोकाला, करंगळीच्या नखाहून लहान कॅप्सूल. पेरूमध्ये १९९९ साली एका वेल्डरला ती सापडली, त्यानं उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकली, काही तास तशीच. पाय कापावा लागला. पिवळ्यावर रेडिएशनची तीन पात्यांची खूण बघा, पण रंग उडालेला असतो, गंज असतो, म्हणून २००७ पासून लाल रंगाची वेगळी खूण आली आहे, तीन पाती, कवटी आणि पळणारा माणूस. ती मोठ्या सोर्सवर आतल्या बाजूला लावतात, म्हणजे कोणी उघडायला घेतलं तरच दिसते. दिसली तर त्या माणसासारखंच करायचं.

पळायचं म्हणजे खरंच लांब जायचं. एक मीटरवरून दहा मीटरवर गेलात की डोस शंभर पट कमी, एवढं साधं औषध दुसरं नाही. दोरी बांधा, कोणाला जवळ जाऊ देऊ नका, हात लागले असतील तर धुवा, ११२ ला फोन करा, एईआरबीला कळवा. ट्रक पुढच्या पार्टीकडे ढकलून मोकळं व्हायचं नाही. माल अडकेल, पोलीस चौकशी करतील, दोन दिवस धंदा बसेल, हे होणार, मी खोटं बोलणार नाही.

एक गैरसमज मात्र काढतो. वाशीला मसाल्यांवर कोबाल्टचे गामा किरण सोडतात, जंतू मारायला. तो मसाला रेडिओअ‍ॅक्टिव्ह होत नाही, किरण आरपार जातात, वस्तूत काही राहत नाही. भंगाराचंही तसंच, सोर्सशेजारी पडलेली सळई बिघडत नाही, सोर्स फुटून त्याचा कण तिला चिकटला किंवा भट्टीत मिसळला तर बिघडते. त्यामुळे सोर्स अख्खा सापडला तर तो नेला की बाकीचा माल सहसा सुटतो, मीटरनं तपासून. फुटल्यावर काही खरं नाही.

(शेवटी प्रश्न झाले. ट्रक आत येतानाच रेडिएशन मोजणारा गेट मीटर बसवला तर सगळं पकडलं जाईल का, असं काट्यावरच्या एकानं विचारलं.)

सगळं नाही. सोर्स शिशाच्या कवचात असेल, वर दहा टन लोखंड असेल तर मीटर गप्प बसू शकतो. म्हणून ट्रक हळू घ्यायचा आणि माल उतरवताना हातातल्या मीटरनं परत बघायचं. आणि उलटंही होतं, मीटर वाजतो आणि मालात काही नसतं. ट्रकमध्ये ग्रॅनाईट, टाईल्स, पोटॅश असेल तरी वाजतो, त्यात मुळातच थोडं रेडिएशन असतं. कधी कधी ड्रायव्हरमुळेच वाजतो, त्याचा नुकताच थायरॉईडचा नाहीतर हृदयाचा आयसोटोप स्कॅन, म्हणजे अंगात किरण सोडणारं औषध देऊन केलेली तपासणी, झालेला असतो. तेव्हा मीटर वाजला की आरडाओरडा करायच्या आधी त्याला खाली उतरवा, चहा पाजा, आणि ट्रक दुसऱ्या कोणाकडून पुन्हा गेटमधून काढा.