कॅप्टन हेडली व्हेरिटी

लीड्सचं हेडिंग्ली मैदान, 12 जुलै 1932. आधी वादळी पाऊस होऊन गेलेला, आणि त्या काळी खेळपट्ट्या झाकत नसत. यॉर्कशायर आणि नॉटिंगहॅमशायर या इंग्लंडमधल्या दोन कौंट्यांचा, म्हणजे परगण्यांच्या संघांचा सामना. उपाहाराला नॉटिंगहॅमशायर बिनबाद 38.

हा धावफलक पडद्यावर थोडा वेळ ठेवतो आहोत. यॉर्कशायरचा डावखुरा फिरकी गोलंदाज हेडली व्हेरिटी: 19.4 षटकं, त्यातली 16 निर्धाव (एकही धाव न दिलेली), 10 धावा, 10 बळी. त्यात एक हॅटट्रिक. नॉटिंगहॅमशायर सर्वबाद 67. इतक्या कमी धावांत डावातले दहाच्या दहा बळी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आजवर दुसऱ्या कुणीही घेतलेले नाहीत.

आता त्याची शैली पाहा. उंच अंगकाठी, सहज धाव, उंचावरून येणारा हात. फिरकीच्या मानानं तो चेंडू जरा वेगातच टाकायचा. टप्पा पक्का. पडल्यावर चेंडू उसळी घेऊन उजव्या फलंदाजापासून बाहेर वळायचा, आणि मधूनच एखादा न वळता सरळ आत यायचा. पुढे यावं की मागे जावं, हे फलंदाजाला ठरवता यायचं नाही.

ओली खेळपट्टी फिरकीला साथ देते, म्हणून नुसता ओल्या खेळपट्टीवरचा गोलंदाज अशी त्याची बोळवण होते, ती आम्हाला मुळीच मान्य नाही. कसोटीत ऑस्ट्रेलियाचा महान फलंदाज डॉन ब्रॅडमनला सर्वाधिक, 8 वेळा बाद करणारा हाच. मार्च 1939 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची कसोटी दिवसांची मर्यादा न ठेवता खेळवली गेली. फलंदाजांना आंदण दिलेल्या त्या खेळपट्टीवर व्हेरिटीनं 766 चेंडू टाकले.

आपल्याकडेही तो खेळून गेला. डिसेंबर 1933 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, तेव्हा समोरच्या इंग्लंडच्या संघात व्हेरिटी होता. पुढे मद्रासला त्यानं एका डावात 49 धावांत 7 बळी घेतले.

डर्बनच्या त्या दौऱ्यात त्याच्या सामानात युद्धशास्त्राची पुस्तकं होती. लढाई येणार हे ओळखून ब्रिटिश सैन्याच्या ग्रीन हॉवर्ड्स रेजिमेंटच्या एका अधिकाऱ्याकडून त्यानं ती मागून घेतली होती. 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. त्याच दिवशी होव्हला त्यानं 9 धावांत ससेक्सचे 7 गडी टिपले. तो त्याचा शेवटचा कौंटी सामना.

ग्रीन हॉवर्ड्समध्येच तो अधिकारी झाला. रांची, इराण, इजिप्त करत पलटण इटलीच्या सिसिली बेटावर उतरली. जुलै 1943, तिथला कातानियाचा सपाट प्रदेश, रात्रीचा हल्ला. कॅप्टन व्हेरिटीची बी कंपनी उभ्या पिकातून पुढे सरकत होती. शत्रूच्या माऱ्यानं पीक पेटलं. छातीला जखम होऊन कोसळल्यावरही त्याचा हुकूम एकच होता: पुढे चला.

तो शत्रूच्या हाती सापडला. इटलीत कासेर्ताला शस्त्रक्रिया झाली. 31 जुलैला तो गेला, वय 38. घरी पत्नी आणि दोन मुलगे होते. त्यांना आधी तो बेपत्ता आहे एवढंच कळलं होतं. नक्की बातमी यायला सप्टेंबर उजाडला.